उपजीविकेचे दृश्य साधन

सोलापूर शहराच्या आग्नेयेस अक्कलकोटकडे निघालेला रस्ता आज औद्योगिक वसाहतीच्या पत्र्याच्या छपरांमधून जातो; परंतु संस्थाने विलीन होईपर्यंत तो एका अंमलातून दुसऱ्या अंमलात नेणारा रस्ता होता. अलीकडे इंग्रजांचा सोलापूर जिल्हा, पलीकडे भोसल्यांचे अक्कलकोट संस्थान, उत्तरेस तुळजापूरच्या वाटेवर निजामाची हद्द आणि दक्षिणेस भीमा ओलांडली की विजापूरचा मुलूख, अशा चौफेर सरहद्दींच्या मध्ये वसलेल्या या शहरातून देवदर्शनाला, बाजाराला, सुगीला आणि दुष्काळात पोट भरायला निघालेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत आली. तुळजापूरची भवानी, पंढरीचा विठोबा, गाणगापूरचे दत्तस्थान, अक्कलकोटचे स्वामी आणि खुद्द सोलापुरातले सिद्धरामेश्वर ही देवस्थाने ज्या प्रदेशात एकमेकांपासून थोड्या मुक्कामांच्या अंतरावर आहेत, त्या प्रदेशात भिक्षा मागणारा किंवा देवळाच्या ओवरीत अंग टाकणारा मनुष्य कोणाला परका वाटण्याचे कारण नव्हते.

त्या मनुष्याचे गावाशी एक ठरलेले नाते होते. वासुदेव पहाटे येई, नंदीवाला सुगीनंतर येई, गोंधळी लग्नकार्याच्या घरी बोलावणे घेऊन येई, वैदू झाडपाला विके, डोंबारी वेशीबाहेर दोर बांधून खेळ करी; आणि त्यांच्या झोळीत पडणारे मूठभर धान्य हे जितके दान होते तितकेच त्यांच्या विद्येचे मोलही होते. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ज्याला गावात घर बांधण्याचा अधिकार नाही, ज्याच्या पालाला तीन रात्रींपलीकडे जागा नाही आणि ज्याच्या मुलाने बापाचीच झोळी खांद्यावर घ्यावी असा जातीचा दंडक आहे, त्याचे जिणे सुखाचे होते असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. परंतु एवढे खरे, की तो काय करून जगतो हे गावाला ठाऊक होते आणि त्याबद्दल त्याला कोणी पकडून नेत नसे.

रस्त्यावरच्या माणसाकडे पाहण्याची निराळी दृष्टी समुद्रापलीकडून आली. नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर घरी परतलेले बेकार शिपाई आणि खेड्यांतून उखडलेले मजूर यांच्या झुंडी इंग्लंडच्या रस्त्यांवर दिसू लागल्या, तेव्हा १८२४ साली तिथल्या पार्लमेंटाने भटकेगिरीविरुद्ध एक कायदा केला. गोठ्यात, कोठारात किंवा उघड्यावर झोपणारा, ज्याच्यापाशी उपजीविकेचे दृश्य साधन नाही आणि ज्याला स्वतःविषयी समाधानकारक खुलासा करता येत नाही, असा मनुष्य त्या कायद्याने अपराधी ठरला. त्याने चोरी केली आहे की नाही, कोणाला इजा केली आहे की नाही, हे पाहण्याची आवश्यकता राहिली नाही. त्याचे असणे हाच पुरावा झाला. हे कलम पुढे ब्रिटिश साम्राज्याबरोबर देशोदेशी गेले आणि १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १०९ व्या कलमाच्या रूपाने हिंदुस्थानातही रुजले. ज्याला उपजीविकेचे उघड साधन नाही अशा इसमाकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा मुचलका जामिनासह घेण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास मिळाला, आणि जामीन न दिल्यास तुरुंगाची तजवीज त्याच कायद्यात होती. ज्याच्यापाशी खायला नाही त्याला जामीन राहणारा सावकार कुठून मिळणार, हा प्रश्न त्या कलमाने विचारला नाही. आणि त्याहून मोठा प्रश्न, की त्याचे साधन गेले कुठे, तोही विचारला नाही.

ते कुठे गेले हे सोलापूरच्या इतिहासात पुरेसे स्पष्ट दिसते. १८६० साली या शहरापर्यंत आगगाडी आली आणि बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ वाहून नेणाऱ्या बंजाऱ्यांचा, गाढवांवर ओझी लादून बाजार करणाऱ्या कैकाड्यांचा धंदा काही वर्षांत बसला. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव राने सरकारजमा झाली आणि फासे लावून तितर-हरणे धरणाऱ्या पारध्याची शिकार ही चोरी ठरली. त्याच सुमारास, १८७६-७७ साली, दख्खनेत जो भयंकर दुष्काळ पडला त्याचा तडाखा सोलापूर जिल्ह्यास फार कठोर बसला. गावेच्या गावे रस्त्यावर आली. खडी फोडण्याच्या आणि तलावांच्या दुष्काळी कामांवर मजुरी इतकी तुटपुंजी ठरविण्यात आली, की पुण्याच्या सार्वजनिक सभेला तिच्याविरुद्ध अर्जविनंत्यांची मोहीम चालवावी लागली. पुढे १८८० च्या दुष्काळ कमिशनानंतर जे दुष्काळी नियम तयार झाले त्यांत गरीबखान्यांची योजना आली. ज्यांच्या अंगात काम करण्याचे बळ नाही अशांना व रस्त्यांवर भटकणाऱ्या भिकाऱ्यांना गोळा करून तिथे ठेवावे असा तो बेत होता. अन्न आणि अटकाव एकाच आवारात आणण्याची ही कल्पना पुढल्या शतकातल्या प्रत्येक कायद्यात आपल्याला भेटेल.

दुष्काळाच्या त्या वर्षांतच, १८७७ साली, सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली. शतक संपण्याच्या आत आणि लगेच नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या तिच्या जोडीला आल्या. भोवतालच्या मुलखातले भुकेले मजूर आणि निजामाच्या हद्दीतून आलेले तेलुगूभाषक पद्मशाली विणकर यांच्या बळावर हे नगर महाराष्ट्रातले एक अग्रगण्य औद्योगिक नगर झाले. परंतु गिरणीला मजूर हवा तो रोज ठरलेल्या भोंग्याला हजर राहणारा. आणि तशा मजुराची एक खाण सरकारी दप्तरात आधीच नोंदविलेली होती.

उत्तर हिंदुस्थानात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. १९११ च्या तिसऱ्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची वाट मोकळी झाली आणि १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. या कायद्याची रीत अशी, की सरकारने एखाद्या जमातीचे नाव राजपत्रात छापले म्हणजे तिच्यात जन्मलेले मूल जन्मतःच संशयित. मोठ्या माणसाने बोटांचे ठसे द्यावेत, पोलीस पाटलाकडे वेळोवेळी हजेरी द्यावी, गाव सोडताना परवाना घ्यावा. ठरावीक गुन्ह्याबद्दल दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर सात वर्षांहून कमी नाही आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी. संशयास्पद स्थितीत सापडला एवढ्यावर तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय अशा जमातींसाठी वसाहती वसवाव्यात आणि सहा ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून काढून निराळ्या ठिकाणी ठेवता यावीत, असाही अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला.

मुंबई इलाख्यात या वसाहतींची उभारणी ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या हातून झाली. विजापूर, हुबळी, गदग, बारामती, सोलापूर अशा ठिकाणी, आणि त्यांतही जिथे गिरणी किंवा रेल्वेचा कारखाना जवळ असेल तिथे, त्या निघाल्या. सोलापुरात काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे तिची व्यवस्था होती. या वसाहतीला सोलापूरकर तेव्हापासून आजतागायत ‘सेटलमेंट’ म्हणत आले आहेत. कैकाडी, पारधी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा अनेक जमातींची कुटुंबे एका कुंपणात आली. ते कुंपण काटेरी तारांचे होते. तीन तारांच्या आतली माणसे अशी त्यांची ओळख नातवंडांच्या तोंडी अजून आहे.

त्या आतल्या दिवसाचे स्वरूप डोळ्यांसमोर आणले पाहिजे. पहाटे घंटा झाली की बायकामुलांसह रांगेत उभे राहायचे आणि नोंदवहीतून आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहायची. गिरणीच्या पाळीला जायचे ते नोंद करून, परतायचे ते नोंद करून. रात्री पुन्हा हजेरी. परगावी भावाची मयत झाली तरी पास मिळेपर्यंत पाऊल बाहेर टाकता येत नसे, आणि पासात कुठे जायचे व केव्हा परतायचे हे लिहिलेले असे. बराच काळ निमूटपणे वागलेल्या कुटुंबाला तारांबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त बढती मिळे. सोलापुरात सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव पत्त्यावर लिहिणारी घरे आजही आहेत. स्टार्ट यांच्याविषयी न्यायाने बोलायचे तर त्यांनी या माणसांना रक्तानेच गुन्हेगार मानले नाही. काम, शाळा आणि पतपेढी यांनी मनुष्य सुधारतो असे ते मानीत, आणि वसाहतीच्या शाळेत पाटी हाती धरणारी पहिली पिढी याच कुंपणात तयार झाली. तथापि ज्याने अपराध केलेला नाही त्याला सुधारण्यासाठी कोंडून ठेवणे ही गोष्ट कितीही सदिच्छेने केली तरी बंदिवासच असते. आणि गिरणीमालकाला मात्र या योजनेतून पळून न जाणारा, गैरहजर न राहणारा मजूर मिळाला.

१९३० साली अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे अध्यक्षपद याच स्टार्ट यांच्याकडे होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा हे तिचे सदस्य होते. पुढे १९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली गुन्हेगार जमातींच्या कायद्याची फेरतपासणी झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ साली तो रद्द केला आणि सोलापूरचेच काँग्रेसनेते डॉ. अंत्रोळीकर यांच्या समितीने या जमातींच्या पुढल्या व्यवस्थेचा विचार केला. ३१ ऑगस्ट १९५२ पासून देशभर तो कायदा संपला. १९६० साली पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन सेटलमेंटच्या तारा तोडल्या, अशी आठवण सोलापुरातील या समाजांत सांगितली जाते आणि सांगणाऱ्याच्या आवाजात अजून अभिमान असतो. परंतु सोडताना हाती काय दिले? जमीन नाही, भांडवल नाही, पूर्वीचा धंदा नाही. शिवाय १९४७ पासून सराईत गुन्हेगारांसाठी निराळा कायदा मुंबईत होताच, आणि १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या १२२ व्या कलमात, चोर म्हणून लौकिक असलेला इसम सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत रस्त्यावर पडलेला किंवा रेंगाळताना आढळला व त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही तर तो शिक्षेस पात्र ठरला. चोर म्हणून लौकिक कोणाचा, हे पोलिसाने ठरवायचे. आणि ज्या जमातीचे नाव वर्षानुवर्षे चोरांच्या यादीत होते तिच्या माणसाने रात्री कुठे निजावे, हे कोणीच ठरविले नव्हते.

आता भिक्षेच्या कायद्याकडे येऊ, कारण माझ्या मते याच ठिकाणी त्या काळातील सर्वांत मोठी विसंगती दडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मुंबई शहराच्या फुटपाथांवर निराश्रितांची गर्दी वाढली. १९४२-४३ साली विजापूरकडे दुष्काळ होता आणि १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. १९४५ साली मुंबई सरकारने भिक्षेकऱ्यांविषयीचा अधिनियम केला. त्याच वर्षी टाटांच्या समाजकार्य विद्यालयाचे जे. एम. कुमारप्पा यांनी या प्रश्नावर एक लेखसंग्रह संपादित केला. म्हणजे विचारवंतांचे लक्षही इकडे लागले होते. १९५६ साली मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य झाले, तेव्हा ठिकठिकाणचे निरनिराळे कायदे एकसूत्री करण्याची गरज भासून मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ तयार झाला. तो १९६० चा दहावा अधिनियम होय. महाराष्ट्र राज्य जन्मास आले तेव्हा त्याच्या पाळण्यातच तो ठेवलेला होता.

या अधिनियमाचे दुसरे कलम शांतपणे वाचण्यासारखे आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा घेणे ही भीक. मग ती गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा काही वस्तू विकायला पुढे करणे अशा कोणत्याही मिषाने असो. व्रण, जखम किंवा व्यंग दाखविणे ही भीक. आणि याच कलमात पुढे इंग्लंडच्या १८२४ च्या कायद्यातले ते वाक्य पुन्हा भेटते. ज्याच्यापाशी उपजीविकेचे दृश्य साधन नाही असा मनुष्य सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरत असेल किंवा थांबला असेल, की तो भिक्षेवर जगत असावा असे वाटावे, तर त्याने हात पसरला नसला तरी तोही भिक्षेकरीच. वॉरंटाशिवाय त्याला धरता येते. संक्षिप्त चौकशी होऊन मॅजिस्ट्रेट त्याला एक ते तीन वर्षे प्रमाणित संस्थेत ठेवू शकतो; पुन्हा पुन्हा सापडला तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. जो आंधळा, पांगळा किंवा कायमचा असहाय आहे त्याला तर शासनाच्या हुकमाने अनिश्चित काळ अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या बायकामुलांनाही न्यायालयापुढे उभे करता येते.

याच अधिनियमाच्या चौथ्या कलमाला एक परंतुक आहे. कोणी खाजगी घराच्या आवारात भीक मागण्यासाठी शिरला तर घरधन्याच्या तक्रारीवाचून त्याला अटक करू नये, असे ते सांगते. म्हणजे ज्या बाईने दारी आलेल्या पिंगळ्याला पसाभर ज्वारी घातली तिच्या दारात गुन्हा नाही. तोच पिंगळा तिचा उंबरठा सोडून रस्त्यावर आला की गुन्हा सुरू होतो. रस्त्यावर घरधनी नाही आणि तक्रारीची आवश्यकताही नाही. खेड्याने अनेक शतके जे नाते जपले त्याची अंधुक ओळख कायदा करणाऱ्यांना होती, हे या परंतुकावरून दिसते. ती ओळख उंबरठ्यापाशी येऊन थांबली याचे मला फार वाईट वाटते.

आणि आता विसंगती पाहा. भाषावार महाराष्ट्र झाल्यावर या जमातींची पाहणी करणाऱ्या थाडे समितीच्या अहवालाच्या आधारे १९६१ साली राज्य सरकारने चौदा विमुक्त जाती आणि अठ्ठावीस भटक्या जमाती अशी यादी केली, ती त्यांचे कल्याण व्हावे, त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळावी, घरे मिळावीत म्हणून. या यादीत वासुदेव आहे, नंदीवाला आहे, गोंधळी आहे, जोशी आहे, कोल्हाटी, चित्रकथी, गारुडी, नाथपंथी डवरी गोसावी आहे. गाणारे, नाचणारे, भविष्य सांगणारे, खेळ करणारे! ज्या व्यवसायांच्या नावांनी या माणसांना सवलती द्यावयाच्या, तेच व्यवसाय दोनच वर्षांपूर्वीच्या अधिनियमात भिक्षेची मिषे म्हणून मोजलेले. एकाच सचिवालयात, बहुधा एकाच मजल्यावर, एका कारकुनाच्या टेबलावर दाखल्याचा कागद आणि दुसऱ्याच्या टेबलावर अटकेचा कागद तयार होत होता, आणि दोन्ही कागदांवर मनुष्य तोच होता.

या दोन कागदांच्या जोडीने तिसराही एक कागद त्या दिवसांत निघाला. १९६१ च्या कायद्यान्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. माळरानांची मोजणी होऊन प्लॉट पडू लागले आणि काळाच्या ओघात अक्कलकोट रस्त्यावरही औद्योगिक वसाहत झाली. सोलापूरच्या जुन्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. सेटलमेंटमधून पाळीला जाणाऱ्यांची नातवंडे आणि पद्मशाली विणकरांची नातवंडे एकाच वेळी बेकार झाली. काही यंत्रमागावर गेली, काही विड्या वळू लागली, काही पुण्या-मुंबईच्या पुलांखाली जाऊन झोपू लागली.

अक्कलकोट रोडवरच्या वसाहतीत रात्री फिरले तर मागांचा खडखडाट पहाटेपर्यंत ऐकू येतो. टॉवेलांच्या सुताचा पांढरा भुगा कामगारांच्या केसांवर आणि पापण्यांवर बसलेला असतो. पाळी संपवून काही जण गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीशी उभे राहतात; बोलणे तेलुगूत, हिशेब मराठीत. जवळच एखादा हमाल हातगाडीवर पाय दुमडून झोपलेला असतो, बंद दुकानाच्या पायरीवर स्वामींच्या दर्शनाला निघालेला एखादा वाटसरू गाठोडे उशाशी घेऊन पडलेला असतो, आणि त्यांच्यापलीकडे कोणी म्हातारी, जिला विचारले तर गावाचे नाव सांगता येईल पण तिथे कोणी उरले आहे की नाही हे सांगता येणार नाही. कायद्याच्या व्याख्येने पाहिले तर या तिघांत भेद करण्याची रीत कोणती? हातगाडीवाल्याचे साधन दृश्य आहे, कारण तो त्यावरच झोपला आहे. वाटसरूचे साधन त्याच्या गावी आहे. म्हातारीचे साधन या मुलखाच्या इतिहासात हरवले आहे. आणि धरले जायचे तर तीच धरली जाईल.

जे रस्त्यावर झोपत नाहीत ते सगळे निर्भय झोपतात असेही नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे याच वसाहतीत टॉवेलांच्या एका कारखान्याला आग लागली आणि आवारातच राहणारे मालकाचे कुटुंब व कामगार मिळून आठ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत तान्हे मूलही होते. ज्या जागेचा प्लॉट यंत्रासाठी पाडला त्या जागी माणसे वस्ती करून राहतात, हे अशा दिवशीच सर्वांना आठवते. याच रस्त्याने थोडे पुढे कुंभारीला गेले म्हणजे दुसरे चित्र दिसते. विडी कामगार बायकांनी कामगारनेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढले, वर्गणी भरली, तेव्हा २००६ साली गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिच्यामागून रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. सरकार मनावर घेते तेव्हा माळावर छप्पर उभे राहते हे येथे सिद्ध झाले आहे. पण विडी वळणारीजवळ संघटना होती, पगाराचे कार्ड होते. पायरीवरच्या म्हातारीजवळ त्यातले काहीच नाही, म्हणून घरकुलाचा अर्जच तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

२००६ साली केंद्र सरकारने भटक्या-विमुक्तांसाठी जो राष्ट्रीय आयोग नेमला त्याचे अध्यक्ष सोलापूरचे बाळकृष्ण रेणके होते. २००८ साली आयोगाने अहवाल दिला. मुक्काम, रेशनकार्ड, जातीचा दाखला, मतदारयादीतले नाव या अगदी साध्या गोष्टींपासून ही माणसे किती दूर आहेत, हे त्याने देशापुढे ठेवले. त्यानंतर दहा वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे होते. ज्या मनुष्याचे गावाला एकेकाळी नाव-गाव-वेळ सर्व ठाऊक असे, तो आता कोणाच्याही ओळखीचा उरला नव्हता. आणि अनोळखी झोळीवाला म्हणजे संशयित, ही शिकवण शंभर-सव्वाशे वर्षे राजपत्रांतून, पोलीस ठाण्यांतून आणि फलकांवरून लोकांना दिली गेली होती. त्या जमावाच्या क्रौर्याची जबाबदारी जमावाचीच. पण त्या संशयाचा पाया कोणी घातला हे विसरून चालणार नाही.

राईनपाड्याच्या घटनेला सहा आठवडे होण्याच्या आत, ८ ऑगस्ट २०१८ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. गीता मित्तल आणि न्या. सी. हरी शंकर यांनी सामाजिक कार्यकर्ते हर्ष मंदर यांच्या अर्जावर निकाल देऊन, मुंबईचा हा अधिनियम दिल्लीला लागू केला होता त्यातील भीक मागणे हाच गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य ठरविली. अन्न, निवारा, आरोग्य या किमान गोष्टी राज्य देऊ शकले नाही म्हणून जो रस्त्यावर आला त्याला त्याच राज्याने शिक्षा करणे हे समानतेच्या व जीविताच्या हक्काशी विसंगत आहे, असा त्या निकालाचा गाभा आहे. बळजबरीने भीक मागायला लावणाऱ्या टोळ्यांविरुद्ध कायदा करण्यास मात्र त्याने मोकळीक ठेवली. पुढल्या वर्षी जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाने तिथल्या कायद्याबाबत हीच वाट धरली, आणि २०२१ साली भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवा अशी मागणी आली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने वरिष्ठ वर्गाच्या दृष्टीने या प्रश्नाकडे पाहण्यास नकार दिला. केंद्राच्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून उपजीविकेच्या उघड साधनाचे कलम तर पन्नास वर्षांपूर्वीच गळले होते.

ज्या राज्याने हा अधिनियम देशाला दिला आणि ज्याचा कित्ता अनेक राज्यांनी गिरवला, त्या महाराष्ट्रात मात्र तो उभा आहे. मार्च २०२३ मध्ये नागपुरात पोलीस आयुक्तांच्या आदेशाने चौकांतून भीक मागण्यास बंदी झाली. १९६४ च्या नियमांप्रमाणे भिक्षेकरीगृहात काम करणाऱ्याला महिन्याला पाच रुपये मेहनताना मिळत आला. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने तो दिवसाला चाळीस रुपये करण्याचे ठरविले. साठ वर्षांत राज्यातील प्रत्येक कामाची मजुरी अनेकदा बदलली असताना या एका आवारातली मजुरी बदलण्याचे कोणाच्या मनात आले नाही, कारण आत असणाऱ्यांच्या वतीने विचारणारा कोणी नव्हता.

करण्यासारखे काम अवघड नाही. दुसऱ्या कलमातील गाणे, नाचणे, भविष्य आणि खेळ यांचा उल्लेख विधिमंडळाने काढून टाकावा. उपजीविकेचे दृश्य साधन नसणे हा अपराध मानणारा भाग तर पूर्णतः रद्द करावा, आणि लहान मुले व अपंग यांना भिकेस लावणाऱ्यांवरचे ११ वे कलम तेवढे कडक ठेवावे. शहरी बेघरांच्या निवाऱ्याची जी केंद्रीय योजना २०१३ साली सुरू झाली तिचा दंडक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांची कायम सोय असा होता. २०११ च्या खानेसुमारीत सोलापूर महापालिकेची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. त्या हिशेबाने या शहरात साडेनऊशे माणसांना रात्री पाठ टेकायला जागा हवी. तीत पोलिसाऐवजी परिचारिका असावी, हजेरीच्या वहीऐवजी रेशनकार्डाचा अर्ज भरून घेणारा लेखनिक असावा, आणि कुटुंबाने एकत्र राहावे अशी खोली असावी. असा एक निवारा अक्कलकोट रस्त्यावर, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी, रात्रपाळीच्या कामगाराला आणि स्वामींच्या वाटेवरच्या फिरस्त्याला सारखाच जवळ पडेल अशा जागी बांधावा, अशी मागणी सोलापूरकरांनी महापालिकेकडे आणि औद्योगिक विकास महामंडळाकडे एकाच अर्जाने करावी.